वाक्प्रचारांच्या जन्मनोंदी

पश्चिम स्पेनमध्ये तोर्मेस नदीच्या काठी सालामांका हे नगर आहे. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. सोळाव्या शतकात या विद्यापीठात ग्रीक भाषेचे अध्यासन मिळणे हा विद्वत्तेचा मान समजला जाई. हा मान लाभलेल्या दोन प्राध्यापकांनी, सुमारे पाऊणशे वर्षांच्या अंतराने, आपल्या आयुष्याचा मोठा भाग अशा एका कामात घालवला की ज्यासाठी त्यांना कोणी वेतन देत नव्हते आणि ज्याला त्या काळी कोणी विद्याही म्हणत नव्हते. शेतकरी, शिंपी, खेचरवाले आणि चुलीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या यांच्या तोंडच्या म्हणी व वाक्प्रचार ते टिपून ठेवीत होते. स्पॅनिश वाक्प्रचारांच्या इतिहासाचे संशोधन ही आज विद्यापीठांतून मान्यता पावलेली ज्ञानशाखा आहे. तिचा पाया या बिनपगारी कामात आहे.

पहिले प्राध्यापक एर्नान नुन्येस. लोक त्यांना ‘ग्रीक कमांडर’ म्हणत, कारण ते सांतियागो या लष्करी पंथाचे कमांडर होते आणि ग्रीकमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आल्काला येथे बायबलची अनेकभाषी आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा तिच्या कामात त्यांचा वाटा होता. १५२० च्या सुमारास कास्तील प्रांतातील नगरांनी राजाविरुद्ध जे बंड केले त्यात ते बंडखोरांच्या बाजूने उभे राहिले, आणि बंड मोडल्यावर आल्काला सोडून सालामांकास आले. तेथे त्यांनी आठ हजारांहून अधिक म्हणी जमवल्या. केवळ कास्तीलच्या नव्हेत, पोर्तुगीज, गालिसियन, कातालान, फ्रेंच आणि इटालियनही. संग्रह छापला गेला १५५५ मध्ये, आणि त्यांचा मृत्यू १५५३ मध्येच झाला होता.

ग्रीकच्या पंडिताला हे का सुचावे? याचे उत्तर इरॅस्मसपाशी आहे. १५०० साली त्याने ग्रीक आणि लॅटिन वचनांचा संग्रह प्रसिद्ध केला व पुढे तो वाढवत नेला. साऱ्या युरोपातील विद्वान प्राचीनांची सुभाषिते वेचू लागले. स्पेनमध्ये मात्र या प्रवाहाला वेगळे वळण मिळाले. प्राचीनांच्या वचनात जे शहाणपण आहे, तेच आपल्या घरच्या भाषेत निरक्षर लोक रोज बोलतात, असे तेथील काही विद्वानांच्या ध्यानात आले. किंबहुना ते त्याआधीच ध्यानात आले असावे, कारण सांतिल्यानाचा मार्केस या पंधराव्या शतकातील सरदार कवीच्या नावावर असलेला एक छोटा संग्रह १५०८ मध्ये सेव्हिल येथे छापला गेला होता. त्याचे शीर्षक मोठे बोलके आहे: चुलीमागे बसून म्हाताऱ्या ज्या म्हणी सांगतात त्या. संग्राहक सरदार, छापणारा नामांकित मुद्रक, आणि श्रेय मात्र शीर्षकातच आज्यांना! इतका प्रामाणिक ऋणनिर्देश पुढच्या विद्वानांच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. सेव्हिलच्याच हुआन दे माल लारा यांनी १५६८ मध्ये नुन्येस यांच्या संग्रहातील एक हजार म्हणींवर विस्तृत भाष्य लिहिले आणि त्याला ‘लोकांचे तत्त्वज्ञान’ अशा अर्थाचे नाव दिले.

दुसरे प्राध्यापक गोन्सालो कोर्रेआस. जन्म १५७१, मृत्यू १६३१. ते ग्रीक आणि हिब्रू शिकवीत. गृहस्थ काहीसे विक्षिप्त होते, असे म्हटले तर त्यांचा अनादर होऊ नये. स्पॅनिश भाषा जशी बोलली जाते तशीच लिहिली पाहिजे, या आग्रहापायी त्यांनी स्वतःची लेखनपद्धती तयार केली. एकाच ध्वनीसाठी दोन-दोन अक्षरे कशाला, असे म्हणून त्यांनी ‘क’ हा ध्वनी सर्वत्र एकाच अक्षराने लिहिला आणि स्वतःचे आडनावसुद्धा त्याप्रमाणे बदलले. देवनागरीत वाढलेल्या आपणांस या आग्रहात काहीच नवल वाटणार नाही. त्यांच्या समकालीनांना मात्र तो वेडेपणा वाटला आणि ती लेखनपद्धती त्यांच्याबरोबरच संपली.

ज्याने त्यांचे नाव राखले तो ग्रंथ म्हणजे म्हणी व वाक्प्रचारांचा कोश. १६२७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या कोशात सुमारे २५,००० नोंदी आहेत. अशी आख्यायिका सांगतात की बाजाराच्या दिवशी कोर्रेआस नदीवरच्या पुलाशी खुर्ची टाकून बसत आणि आपल्या वहीत नसलेली म्हण जो सांगेल त्याच्या हातावर एक नाणे ठेवीत. आख्यायिका खरी असो वा नसो, कोशाची पाने चाळताना ती पटते. तेथे पंडिती वचनांच्या शेजारी जुगाऱ्यांची बोली आहे, मुलांच्या खेळांतील तुकडे आहेत, बायकांनी नवऱ्यांना मारलेले टोमणे आहेत. हा कोश त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. हस्तलिखित रूपात तो जवळजवळ पावणेतीनशे वर्षे पडून राहिला. स्पॅनिश राजभाषा अकादमीने तो १९०६ मध्ये छापला, आणि लुई कोंबे या फ्रेंच विद्वानाने १९६७ मध्ये बोर्दो येथून त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. कोंबे यांनी कोर्रेआसचे विचित्र लेखनही जसेच्या तसे राखले. ग्रीकच्या त्या प्राध्यापकांनी वर्गात काय शिकवले याची चौकशी आज क्वचितच कोणी करतो. स्पॅनिश वाक्प्रचारावर काम करणारा प्रत्येक जण मात्र त्यांची ती छंदाची वही प्रथम उघडतो.

आता या संशोधकांचे नित्याचे काम काय असते ते पाहू. वाक्प्रचार ऐकला की त्यामागची गोष्ट विचारायची, ही माणसाची स्वाभाविक ओढ. आपल्याकडे ‘ध चा मा करणे’ म्हटले की नारायणराव पेशव्यांची हत्या आणि आनंदीबाईंची लेखणी डोळ्यांपुढे येते. गोष्ट इतकी नेटकी असते की ती मूळ कागदावर कोणी पाहिली का, हा प्रश्न मनात येत नाही. स्पेनमध्येही असेच घडले आहे, आणि वाक्प्रचारांच्या इतिहासकाराचा निम्मा वेळ अशा नेटक्या गोष्टींना हळूच बाजूला सारण्यात जातो. हे काम लोकप्रिय नाही. गोष्ट सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि ‘याला पुरावा नाही’ म्हणणाऱ्याला रसभंग करणारा समजतात.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण हिशेबाचे आहे. एखाद्याने अवाच्या सवा खर्च दाखवला, फुगवलेल्या रकमा बेधडक मांडल्या, की स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘हे तर महासेनापतीचे हिशेब’. हा महासेनापती म्हणजे गोन्सालो फेर्नांदेस दे कोर्दोबा (१४५३–१५१५), ज्याने नेपल्सचे राज्य राजा फेर्नान्दोला जिंकून दिले. कथा अशी: राजाने खर्चाचा हिशेब मागितला. अपमानित सेनापतीने यादी पाठवली. कुदळी-फावड्यांसाठी इतके कोटी, विजयासाठी प्रार्थना करणाऱ्या साधू-साध्वींसाठी इतके लाख, रोज विजयाच्या घंटा वाजवून त्या झिजल्या म्हणून नव्या घंटांसाठी इतके, आणि राज्य जिंकून देणाऱ्याकडे हिशेब मागणाऱ्या राजाचे बोलणे सोसले त्याबद्दल इतके! सांगणाऱ्यागणिक रकमा बदलतात, घंटा कायम राहतात. लोपे दे वेगा या विख्यात नाटककाराने याच नावाचे नाटक लिहिले आणि कथा घरोघर पोचली.

आणि कागद काय सांगतात? वायादोलिद शहराजवळ सिमांकास नावाच्या गावी एका किल्ल्यात स्पेनचा राजकीय दप्तरखाना आहे. नेपल्सच्या मोहिमेच्या खर्चाचे कागद तेथे आहेत, आणि त्यांत शिपायांचे पगार व मोहिमेचा खर्च अगदी बारकाईने नोंदलेला आहे. ज्याच्या नावाने बेहिशेबीपणाचा वाक्प्रचार रूढ झाला त्याच्या खजिनदाराच्या वह्या चोख निघाव्यात, यापरता विनोद कोणता? व्यापारी पेढीवर वाढलेल्या कोणालाही यातील खोच लगेच कळेल. एखाद्याच्या खतावणीची कीर्ती आणि प्रत्यक्ष खतावणी या दोन निराळ्या वस्तू असतात.

संशोधक मग पुढचा प्रश्न विचारतो: हा वाक्प्रचार लेखी रूपात प्रथम केव्हा दिसतो? त्याच्या दृष्टीने हीच जन्मनोंद. गोष्ट चौदाव्या शतकातील आणि पहिला लेखी आढळ अठराव्या शतकातील असेल तर मधल्या चारशे वर्षांचा हिशेब कोणी तरी द्यायला हवा. काढता पाय घेण्याला स्पॅनिशमध्ये ‘विल्यादिएगोच्या विजारी घेणे’ म्हणतात. आज त्यातील ‘विजारी’ हा शब्दही गळून गेला आहे, नुसते ‘विल्यादिएगोच्या घेणे’ उरले आहे. विल्यादिएगो हे बुर्गोस प्रांतातील एक गाव. हा प्रयोग ‘ला सेलेस्तिना’ या पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या प्रसिद्ध संवादकृतीत एका नोकराच्या तोंडी आहे. म्हणजे १५०० च्या आसपास तो इतका परिचित होता की लेखकाला तो समजावून सांगावा लागला नाही. १६११ मध्ये सेबास्तियान दे कोवार्रुबियास यांनी आपला मोठा स्पॅनिश कोश प्रसिद्ध केला. ‘ला सेलेस्तिना’चा दाखला देऊन ते लिहितात की याचे मूळ ठाऊक नाही. कोणी विल्यादिएगो नावाचा इसम संकटात सापडला असेल आणि विजार घालायलाही सवड न मिळाल्याने ती हातात घेऊन पळाला असेल, असा तर्क ते करतात आणि तो तर्कच आहे हेही लपवत नाहीत. पुढे मात्र निराळी कथा पसरली. राजाने विल्यादिएगोच्या ज्यूंना अभय दिले, त्यांची ओळख पटावी म्हणून त्यांना विशिष्ट विजारी घालायला लावल्या, म्हणून छळातून पळणारे ज्यू तिकडे धाव घेत. ही कथा कोवार्रुबियासना ठाऊक असती तर त्यांनी ती खचित दिली असती. असल्या कथांची त्यांना हौस होती. चारशे वर्षांपूर्वीच्या कोशकाराला जे माहीत नव्हते ते आपल्याला अधिक खात्रीने माहीत असावे, हे संशयास्पद आहे.

यमकाचेही असेच. ‘जो सेव्हिलला गेला त्याची खुर्ची गेली’ असे मुले आजही जागा बळकावताना म्हणतात, कारण स्पॅनिशमध्ये सेव्हिल आणि खुर्ची यांचे यमक जुळते. यामागे पंधराव्या शतकातील एका काका-पुतण्याची हकिगत सांगतात. दोघेही आलोन्सो दे फोन्सेका, दोघेही आर्चबिशप. पुतण्याच्या सांतियागोतील अडचणी निस्तरायला काका सेव्हिल सोडून गेला आणि परतला तेव्हा पुतण्या गादी सोडीना. हकिगत इतिहासात घडलेली आहे. मात्र त्यात माणूस सेव्हिलला जात नाही, सेव्हिलहून जातो! आर्चबिशपांची हकिगत म्हणीला पुढे चिकटली असावी आणि म्हणीची खरी जननी यमकच असावे, असे मला वाटते.

इथवर हे सारे कौतुकाचे विषय वाटतील. परंतु काही वाक्प्रचार असे आहेत की त्यांचा उगम संशयातीत आहे, आणि तेथे संशोधकाचा सूर बदलतो. एखाद्यावर कायमचा दोष चिकटवण्याला स्पॅनिशमध्ये ‘सांबेनितो टांगणे’ म्हणतात. वर्तमानपत्रांत, राजकारणात, घरगुती भांडणातही हा प्रयोग सहज येतो. सांबेनितो हे एक वस्त्र होते. इन्क्विझिशनने म्हणजे धर्मन्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांना ही झोळण्यासारखी कफनी घालून लोकांसमोर उभे केले जाई. शिक्षा तेथे संपत नसे. ती कफनी, आणि ती जीर्ण झाल्यावर तिच्या जागी दुसरे कापड, त्या माणसाचे नाव लिहून त्याच्या गावच्या चर्चमध्ये टांगले जाई. नातवंडे प्रार्थनेला येत तेव्हा आजोबांचे नाव भिंतीवर असे. ज्यांच्या कुळात ज्यू वा मुस्लिम पूर्वज होते त्यांना अनेक पदे, अनेक संस्था बंद होत्या, त्यामुळे त्या कापडावरचे नाव पुढील पिढ्यांच्या उपजीविकेवर आणि सोयरिकींवर पडलेली गाठ होती. गोव्यातील वाचकांना हे नवे नाही. तेथील इन्क्विझिशन पोर्तुगिजांचे होते, पण वस्त्र हेच होते. शार्ल देलोँ या फ्रेंच वैद्याने गोव्यात स्वतः ते वस्त्र अंगावर घेतले आणि १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात त्याचे वर्णन केले.

मराठीत आपण ‘नावाला बट्टा लागणे’ म्हणतो. बट्टा हा मूळचा सराफकट्ट्यावरचा शब्द, नाण्याच्या किमतीतील घट. ती घट भरून काढता येते. सांबेनितो भरून काढता येत नसे, आणि त्या टांगण्याचा हेतूच तो होता. आज हा प्रयोग करणाऱ्या स्पॅनिश माणसाला ते कापड दिसत नाही. संशोधकाने ते पुन्हा दाखवले तर भाषा बदलणार नाही, परंतु ज्या घराण्यांची नावे तेथे टांगली होती त्यांची स्मृती केवळ अलंकार बनून राहणार नाही.

याच संदर्भात होसे मारिया इरीबार्रेन (१९०६–१९७१) यांचा उल्लेख केला पाहिजे. ते नावार्रा प्रांतातील तुदेला गावचे. प्राध्यापक नव्हते, वकील आणि लेखक होते. १९५५ मध्ये त्यांनी स्पॅनिश वाक्प्रचारांची कारणे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो आजही घरोघर वाचला जातो. ‘चादर ओढणे’ म्हणजे लपवलेले उघड करणे, याचा उगम ते आपल्याच गावी दाखवतात. १४९८ मध्ये नावार्रातून ज्यूंना हद्दपार केले गेले. जे धर्म बदलून राहिले त्यांच्या घराण्यांची नावे लिहिलेले एक मोठे कापड पुढे तुदेलाच्या मुख्य चर्चमध्ये टांगलेले असे, आणि त्याला ‘चादर’च म्हणत. कापड खरे होते, नावेही खरी होती. परंतु पांघरूण ओढले की खालचे दिसते, या साध्या अनुभवातून हा प्रयोग कोठेही निर्माण होऊ शकतो. त्याला तुदेलाची गरज नाही. इरीबार्रेन यांच्याविषयी आदर ठेवूनही हे म्हणावे लागते. दोन वस्त्रांच्या दोन कथा, दोन्ही एकाच क्रौर्याच्या, आणि तरीही एक वाक्प्रचाराचा सिद्ध उगम आहे, दुसरी नाही. हा विवेक राखणे हेच या विद्येतील कठीण काम. कथा हृदयद्रावक आहे म्हणून पुरावा थोडा चालेल, ही सवलत येथे नाही.

गमतीची, नव्हे खेदाची, गोष्ट अशी की बोलभाषेचा उत्तम पुरावा पुष्कळदा त्या धर्मन्यायालयाच्याच दप्तरात मिळतो. आरोपी आणि साक्षीदार काय बोलले ते तेथील कारकून शक्य तितके शब्दशः लिहून घेत. दुसरा पुरावा हद्दपार झालेल्यांच्या ओठांवर आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून घालवलेले ज्यू सलोनिका, इस्तंबूल अशा नगरांत स्थिरावले आणि शतकानुशतके आपले जुने स्पॅनिश बोलत राहिले. एखादी म्हण त्यांच्याकडेही आहे आणि कास्तीलमध्येही आहे, तर ती बहुधा ताटातुटीपूर्वीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या म्हणींचे संग्रह प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा स्पॅनिश म्हणींचे वय ठरवण्याचे हे नवे माप विद्वानांच्या हाती आले. ज्यांना देशाने दार दाखवले त्यांनी देशाची म्हण जपली होती.

आपल्या घरातील एखाद्या मुलीने वा मुलाने या वाटेने जायचे ठरवले तर? स्पॅनिशचे उच्च शिक्षण आपल्या देशात दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ अशा ठिकाणी मिळते. त्यापुढे जुनी लिपी वाचण्याचा सराव, लॅटिनची तोंडओळख, शक्य तर अरबीचीही. आता साधने पुष्कळ सुलभ झाली आहेत. अकादमीच्या ऐतिहासिक भाषासंग्रहात प्रारंभापासून १९७४ पर्यंतच्या लेखनातील सुमारे २५ कोटी शब्द संगणकावर शोधता येतात. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठातील हुलिया सेविया मुन्योस यांनी १९९३ मध्ये केवळ म्हणींच्या अभ्यासाला वाहिलेले ‘पारेमिया’ हे नियतकालिक सुरू केले. मालागा येथील ग्लोरिया कोर्पास पास्तोर यांचा १९९६ चा ग्रंथ या विषयाचे पाठ्यपुस्तक बनला आहे. मात्र पदे थोडी आहेत, आणि अशा अभ्यासात घाईने कीर्ती मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

किती थोडी घाई चालते याचे प्रमाण अकादमीच्या ऐतिहासिक कोशात पाहावे. शब्दांचा आणि प्रयोगांचा जन्मापासूनचा इतिहास देणाऱ्या या कोशाचे दोन खंड १९३३ व १९३६ मध्ये निघाले. तेवढ्यात यादवी युद्ध पेटले, छापलेल्या प्रती जळाल्या आणि काम बंद पडले. युद्धानंतर हुलिओ कासारेस यांनी ते नव्याने उभे केले. हे गृहस्थ तरुणपणी व्हायोलिनवादक होते, पुढे परराष्ट्र खात्यात भाषांतराच्या कामावर लागले आणि अखेर अकादमीचे चिटणीस झाले. १९५० मधील त्यांच्या ग्रंथाने म्हण आणि वाक्प्रचार यांतील भेद शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, व आजही विद्यार्थी तेथूनच आरंभ करतात. त्यांच्या नव्या कोशाचा पहिला भाग १९६० मध्ये निघाला. कासारेस १९६४ मध्ये वारले. संपादकांची एक पिढी गेली, दुसरी आली. १९९६ मध्ये काम थांबले तेव्हा कोश पहिल्या अक्षराच्या मध्यापर्यंत आणि दुसऱ्या अक्षराच्या आरंभापर्यंत पोचला होता.

या शतकाच्या आरंभी तो तिसऱ्यांदा सुरू झाला. या वेळी तो कागदावर नाही, आणि संपादकांनी वर्णानुक्रमही सोडून दिला आहे. आता एकमेकांशी नाते असलेल्या शब्दांची कुटुंबे घेऊन काम चालते, आणि जे कुटुंब पूर्ण होईल ते लगेच वाचकांसाठी खुले केले जाते.